तोरलाईफचं नाक

एका रविवारी जेवता जेवता नवरा म्हणाला, "मोलफ्रिड, मे महिन्यात तुला बोटीने उत्तरेला नेतो. बर्गनपासून पार वरच्या टोकापर्यंत." मी हातातला काटा खाली ठेवला. माझा नवरा तोरलाईफ गुरांचा डॉक्टर आहे. आमच्या मधुचंद्रातून आम्ही अर्ध्यावर परत आलो होतो, कारण नेरबोच्या एका शेतकऱ्याच्या गाईचं वासरू आडवं आलं होतं. त्या वासराला शेतकऱ्याने माझं नाव दिलं, हा माझा लग्नातला सगळ्यात मोठा आहेर. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत कुठली ना कुठली गाय अडली, मेंढी पडली नाहीतर घोड्याचं पोट दुखलं. त्यामुळे बोटीचं ऐकून मला आनंद व्हायच्या आधी धास्तीच वाटली. म्हटलं, याला काही गंभीर आजार तर सापडला नाही ना?

आजार नव्हता, अभ्यासवर्ग होता. देशभरातल्या गुरांच्या डॉक्टरांना अधूनमधून असं शिकून घ्यावं लागतं. कुणा हुशार माणसाच्या डोक्यात आलं की हॉटेलातल्या बंद खोलीत शिकवण्यापेक्षा बोटीवर शिकवावं, म्हणजे डोंगर बघून होतील, खाड्या बघून होतील, बायकाही कुरकुर करणार नाहीत.

"एका दगडात दोन पक्षी," तोरलाईफ म्हणाला.

"त्यातला एक पक्षी कोण ते कळलं मला," मी म्हणाले. पण गेले. आमच्या यॅरेनच्या सपाट रानात दगडी बांध आणि शेणखताचा वास सोडला तर बघण्यासारखं फार काही नाही, आणि मला लोफोतेनचे डोंगर बघायचेच होते.

बर्गनला बोटीवर पाऊल ठेवलं आणि गळ्यात अडकवायची कार्डं मिळाली. तोरलाईफच्या कार्डावर नाव, गाव, पदवी, सगळं व्यवस्थित. माझ्या कार्डावर एकच शब्द: 'सोबत'. नाव नाही, गाव नाही. बोटीवर अशा बऱ्याच 'सोबत' होत्या, चार-पाच नवरेही त्यात होते बिचारे. आम्ही एकमेकांना त्याच नावाने हाक मारायला लागलो. "काय गं सोबत, कॉफी घेतलीस का?"

अभ्यासवर्गाला बोटीवरचं सगळ्यात देखणं दालन दिलं होतं. वरचा मजला, तिन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काचा. आता काचांतून उजेड आला तर पडद्यावरची चित्रं दिसत नाहीत, म्हणून पहिल्याच सकाळी यांनी सगळे पडदे ओढून घेतले. तिकडे बर्फाचे डोंगर पाण्यात उतरत होते, धबधबे कोसळत होते, आणि आत आमचे विद्वान अंधारात बसून गाईच्या चौथ्या पोटाचा फोटो बघत होते. आर्क्टिक वृत्त ओलांडताना डेकवर प्रत्येकाच्या मानेत पळीभर बर्फ ओततात, तशी रीतच आहे. माझ्या मानेत बर्फ पडला तेव्हा मी किंचाळले आणि नवऱ्याला शोधलं. नवरा आत गाईच्या खुरांची चर्चा करत होता. जेवायच्या वेळी तेवढे सगळे बाहेर यायचे, आणि मग माशाच्या सूपवर वाकून एकमेकांना विचारायचे, "तुझ्याकडे तो गर्भाशयाचा पू कसल्या रंगाचा होता?" शेजारच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्याने दुसऱ्या दिवशी जागा बदलून घेतली. तिसऱ्या दिवशी ते जेवायलाच उशिरा यायला लागले.

आता नाकाचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

तोरलाईफचं नाक आमच्या भागात प्रसिद्ध आहे. गाय व्याली की पुढचे काही आठवडे ती सगळी ताकद दुधात ओतते. खाणं पुरेनासं झालं की अंगातली चरबी जळायला लागते, गाय सुस्तावते, आणि तिच्या श्वासाला एक गोडसर वास येतो, नखांचा रंग पुसायच्या पाण्यासारखा. डॉक्टर याला किटोसिस म्हणतात. बाकीचे डॉक्टर दुधात पट्टी बुडवून बघतात. तोरलाईफ गोठ्याच्या दारात उभा राहायचा, एक श्वास घ्यायचा आणि सांगायचा, "डावीकडून चौथी." ती चौथीच निघायची. कॉलेजात असताना परीक्षेच्या वेळी त्याने असंच दारातून सांगितलं होतं, तेव्हा वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी हाल्दिस त्याच गाईच्या पोटाला अर्धा तास नळी लावून बसली होती. तिने ते अजून माफ केलेलं नाही. आता ती मोठी प्राध्यापिका आहे, आणि या बोटीवरचा वर्ग तिचाच होता.

तर हे नाक गेलं होतं. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तोरलाईफला जबर सर्दी झाली. सर्दी गेली, आणि जाताना सगळे वास घेऊन गेली.

त्याने मला सांगितलं नाही. मीच ओळखलं. माझ्या भावाकडे नाताळच्या आधी राकफिस्क वाढतात. महिनोन्महिने आंबवलेला मासा, डबा उघडला की मांजर घर सोडून जातं. तोरलाईफ जन्मभर त्या दिवशी काहीतरी काम काढून गोठ्यात जाऊन बसायचा. त्या वर्षी त्याने दोनदा मागून घेतला, वर "छान मुरलाय" म्हणाला. भाऊ खूश झाला, मी मात्र नवऱ्याच्या ताटाकडे बघत राहिले. मग मी घरी परीक्षा घेतली. वॉफल मुद्दाम करपवली, स्वयंपाकघरात धूर झाला, आणि हा पेपर वाचत बसला. आंबलेलं दूध त्याच्या कॉफीत घातलं, तेही प्याला. जीभ नावाची वस्तूसुद्धा नाकाच्या जिवावर चालते, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही म्हणाल, मग सरळ विचारायचं की. विचारलं असतं तर तो "छे" म्हणाला असता, आणि मग ते "छे" आमच्या दोघांच्या मधे जन्मभर बसून राहिलं असतं. मला ते नको होतं. मला एवढंच हवं होतं की त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगावं. शेतकऱ्यांपासून लपवलं, समजू शकते. या नाकावर त्याची सगळी इभ्रत, नाक गेलं म्हणजे म्हातारा संपला असंच गाव म्हणणार, ही त्याची भीती मला दिसत होती. पण ज्या बाईशेजारी रोज झोपतोस, तिच्यापासून का? मी काय गावभर दवंडी पिटणार होते? या विचाराने मला राग यायचा, आणि रागाच्या खाली फार वाईट वाटायचं. दोन हिवाळे मी वाट बघत होते.

बोटीवर रूनासुद्धा होती. रूना म्हणजे तोरलाईफच्या दवाखान्यातली तरुण डॉक्टर, तीन वर्षं त्याच्याबरोबर गोठे पालथे घालते आहे. बोदो बंदर सोडल्यावर ती व्याख्यानातून पळून माझ्याकडे डेकवर आली. तिने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "मोलफ्रिड, तुला माहीत आहे ना?"

"काय?"

"नाकाचं."

मी विणकाम खाली ठेवलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? गोठ्यात शिरलं की आता मीच म्हणते, 'तोरलाईफ, त्या कोपऱ्यातल्या गाईचा वास येतोय, नाही?' मग तो डोळे मिटून म्हणतो, 'हं. आत्ता तेच म्हणणार होतो.' मध्यंतरी मी चुकून भलत्याच गाईकडे बोट दाखवलं, तर तिलाही हो म्हणाला."

मला हसूही आलं आणि रडूही. "मग तू काय केलंस?"

"गुपचूप पट्टी बुडवली. तू बोल ना त्याच्याशी."

"तोच बोलेल."

"कधी? तो बोलेपर्यंत ही बोट रशियाला पोचेल."

म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून हा जी मूठ आवळून बसला होता, त्यात काय आहे ते आम्हा दोघींना कधीचं दिसत होतं.

त्या संध्याकाळी बोट स्वोल्वॅरला लागली. लख्ख ऊन होतं. धक्क्यापलीकडे लाकडी मांडवांवर कॉड माशांची मुंडकी हजारांनी वाळत होती. लोफोतेनचे डोंगर खरोखर तसेच आहेत जसे चित्रात असतात, पण त्या दिवशी कुणी वर बघेना. ज्याने त्याने मफलर नाकाशी धरला होता. पू आणि सडकी खुरं यांत आयुष्य घालवलेले हे डॉक्टर, त्यांचेसुद्धा डोळे पाणावले होते. आणि आमचा तोरलाईफ कॉफीचा पेला घेऊन थेट मांडवाखाली जाऊन उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "आहाहा! काय ताजी हवा आहे!"

सगळे त्याच्याकडे वळले. मग रूना मोठ्याने हसली. "अरे, काय विनोद करतो हा माणूस!" तसे बाकीचेही हसले. तोरलाईफने वर बघितलं, मुंडक्यांच्या रांगा बघितल्या, आणि तोही हसला, जरा जास्तच. फक्त हाल्दिस हसली नाही. तिने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं.

परत जाताना मी त्याचा हात धरला. म्हटलं, आता तरी. मी विचारलंसुद्धा, "तोरलाईफ, तुला काही सांगायचंय का मला?"

"हो," तो म्हणाला. मी थांबले. "उद्या न्याहारीला लवकर जाऊ. परवा हेरिंग मासे संपले होते."

त्या क्षणी मी त्याला पाण्यात ढकललं असतं, पण पाणी फार गार होतं आणि माणूस माझाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रमात 'वासाची परीक्षा' होती. हाल्दिसची कल्पना. झाकणाच्या बरण्या, आत भिजवलेला कापूस, प्रत्येक बरणीत वेगळा वास. हुंगायचं आणि किटोसिसची बरणी कुठली ते सांगायचं. न शिकलेली नाकं काय सांगतात ते बघायला तिने आम्हा 'सोबत' मंडळींनाही बोलावलं होतं. हे ऐकल्यावर तोरलाईफ पलंगावर आडवा झाला आणि पोटावर हात ठेवून म्हणाला, "मला बोट लागली वाटतं."

मी खिडकीतून बघितलं. पाणी आरशासारखं स्थिर होतं. "अरे, बशीतला चहा याहून जास्त हलतो."

"आतून हलतंय, मोलफ्रिड."

ते मात्र खरं होतं. त्याचा चेहरा बघून माझा राग गेला. म्हणणार होते की झोप, मी सांगते त्यांना. तेवढ्यात दारावर थाप पडली आणि हाल्दिसचा आवाज आला, "तोरलाईफ! चल, उठ. तुझ्याशिवाय सुरू करणार नाही. इतकी वर्षं वाट बघितली आहे मी!" आता बोटीवरून माणूस पळणार तरी कुठे? गेला निमूट, नाक मुठीत धरून.

दालनात पडदे ओढलेले, दिवे लावलेले. आमच्या टेबलावर यॅरेनची मंडळी, रूना, तोरलाईफ आणि त्याच्या शेजारी मी. मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "यॅरेनवाल्यांना मनाई करा, त्यांनी नाक आणलंय!" हशा झाला. बरण्या फिरायला लागल्या.

तोरलाईफने अभिनय मात्र झकास केला. झाकण उचलायचा, डोळे मिटायचा, मान जरा तिरकी करायचा, "हं" म्हणायचा आणि बरणी माझ्याकडे द्यायचा. रूना समोरून काही खुणा करत होती, पण हाल्दिस तिच्या मागेच येऊन उभी राहिली, त्यामुळे ती खाली बघत बसली. मी बरण्या हुंगत गेले. पहिलीत मुरघास होता, गुरांचा मुरवलेला चारा. दुसरीत सडलेलं खूर, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तिसरी उघडली आणि मी एकदम बाबांच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले. सात-आठ वर्षांची असेन, आमची डोक्रोस नावाची गाय खाईना, आणि तिच्या तोंडाजवळ हाच गोड वास. शेतकऱ्याच्या मुलीला तो कुणी शिकवावा लागत नाही.

मी टेबलाखाली तोरलाईफच्या गुडघ्यावर बोट टेकलं आणि ओठ न हलवता म्हणाले, "तिसरी."

तो वळला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, हा आता पडतोय.

"तुला माहीत आहे?"

"तिसरी म्हणून सांग आणि बस खाली."

"कधीपासून?"

"राकफिस्कपासून. पुढे बघ, ती येतेय."

हाल्दिसने माईक हातात घेतला. "थांबा सगळे. कुणी काही लिहू नका. आधी तोरलाईफ सांगणार. दारातून नाही, पण टेबलावरून तरी सांग बाबा!"

तोरलाईफ उठून उभा राहिला. उत्तर त्याच्या खिशात होतं, मीच घालून दिलं होतं. एक शब्द बोलायचा आणि बसायचं, एवढंच काम. त्याने घसा साफ केला, टेबलाच्या कडेला हात टेकले.

"तिसरी," तो म्हणाला. "उत्तर बरोबर असणार. पण ते मोलफ्रिडचं आहे. तिने आत्ता सांगितलं मला. मला कसलाच वास येत नाही. दोन हिवाळे झाले. काल मुंडक्यांचाही आला नाही."

आणि बसला.

आमच्या लोकांना एक सवय आहे. कुणी मन मोकळं केलं की बाकीचे आपापले बूट बघायला लागतात. पूर्ण दालन बूट बघत होतं. रूनाचे डोळे भरून आले होते. हाल्दिसने माईक या हातातून त्या हातात घेतला. तोरलाईफची मान खाली गेली होती आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी टेबलाखाली त्याचा हात शोधला.

मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तोतेनचा येरमुंड म्हणून एक धिप्पाड डॉक्टर होता, चार दिवसांत मी त्याला "मीठ दे" याखेरीज काही बोलताना ऐकलं नव्हतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "तुझा दोन वर्षांपूर्वी गेला. मला तर कधी आलाच नाही."

"काय आला नाही?" हाल्दिसने विचारलं.

"किटोसिसचा वास. एकदाही. कॉलेजात सर बरणी फिरवायचे, सगळे 'हो, हो, गोड आहे' म्हणायचे. मीपण म्हटलं, गोड आहे. तेव्हापासून म्हणतोच आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मग एक हात वर झाला. मग दुसरा. सोग्नची एक डॉक्टर म्हणाली, "मला वाटायचं, सगळ्यांना येतो, मलाच येत नाही." तिच्या शेजारचा म्हणाला, "अगं, मला वाटायचं तुला येतो म्हणून मी तुला विचारायचो." एकेक करत हात वर होत गेले. हाल्दिस बघत राहिली. जन्मभर गोठ्यागोठ्यांतून डोळे मिटून, मान तिरकी करून, "हं" म्हणत फिरलेली ही माणसं, आणि वास बिचाऱ्यांना मुळात येतच नव्हता. तो काहींना उपजतच येत नाही, हे यांच्या पुस्तकांतही असेल कुठेतरी, पण कबूल करायला पहिलं कोण जाणार?

"मग इतकी वर्षं मी शिकवत होते तेव्हा माना कोण डोलवत होतं?" हाल्दिस माईकमध्ये ओरडली.

"आम्हीच," येरमुंड म्हणाला.

त्यावर जो हशा उसळला त्यात परीक्षा वाहून गेली. हाल्दिसने बरण्या गोळा करायला सांगितल्या आणि कॉफीची सुट्टी जाहीर केली. सगळे तोरलाईफभोवती जमले. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारतंय, कुणी आपली भानगड सांगतंय, कुणी कुठल्या पट्ट्या चांगल्या ते विचारतंय. हाल्दिसही आली आणि म्हणाली, "म्हणजे मी जिंकले का?" तो म्हणाला, "जिंकलीस." तिला त्यात काही फारशी मजा आलेली दिसली नाही. तिने त्याला मिठी मारली.

आणि मी? माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. ज्या वाक्याची मी दोन हिवाळे वाट बघितली, ते वाक्य या माणसाने माईकवालीला सांगितलं, तोतेनच्या येरमुंडला सांगितलं, बोटीभर अनोळखी लोकांना सांगितलं. मला काय मिळालं? 'सोबत'. मी कार्ड गळ्यातून काढून कोटाच्या खिशात कोंबलं आणि डेकवर निघून गेले.

बोट एका अरुंद खाडीतून चालली होती. दोन्ही काठांवर बर्चच्या झाडांना नुकतीच पालवी फुटली होती, वर डोंगरांवर बर्फ तसाच. इतकं सुंदर होतं की मला आणखीच राग आला. थोड्या वेळाने तो आला. टोपी न घालता, हातात दोन कॉफ्या. एक माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

"रागावलीस."

"नाही. आनंदाने उड्या मारतेय."

तो कठड्याला टेकला. "बरं झालं ना पण? येरमुंडचं ऐकलंस? मला वाटलं होतं, थू करतील माझ्यावर."

"तोरलाईफ, मला येरमुंडचं काय घेणंदेणं? तू मला का नाही सांगितलंस? दोन हिवाळे! मी तुला करपलेलं खाऊ घातलं, नासलेलं पाजलं, काल तर तोंडावर विचारलं. तू हेरिंगचं बोललास. मी इतकी परकी आहे का?"

"करपलेलं तू मुद्दाम..."

"विषय बदलू नकोस."

तो कॉफीच्या वाफेकडे बघत राहिला. मला माहीत आहे, त्याला मोठं वाक्य बोलायचं असलं की आधी बराच वेळ लागतो, गाईलाही आणि त्यालाही घाई करून चालत नाही. पण माझा धीर संपला होता.

"इभ्रत, नाही का? नाकवाल्या डॉक्टरची बायको म्हणून मिरवते, तिच्यापुढे कसं सांगायचं?"

"इभ्रत नाही गं," तो म्हणाला. "गाईंचं चालून जातं. पट्टी बुडवली की झालं. गाईंसाठी मी दोन दिवस रडलो असेन."

"मग?"

"तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कशाकशाचा वास येत नाही. आणि मग मला ते सांगावं लागलं असतं." तो थांबला. "सकाळी जाग आली की मी डोळे उघडायचो नाही. गरज नव्हती. तू शेजारी आहेस, का उठून गेलीस, का आत्ताच उठलीस, मला सगळं कळायचं. इतकी वर्षं. आता नाही कळत, मोलफ्रिड. आता रोज डोळे उघडून बघावं लागतं, तू आहेस का ते. तुला हे कसं सांगायचं? तुला वाटलं असतं, तू माझ्यासाठी... जरा कमी झालीस."

डोळ्यांतलं पाणी वाऱ्याने आलं असं म्हणायला वारा तरी हवा होता, तोही नव्हता. दोन हिवाळे मी समजत होते की हा माझ्यापासून नाक लपवतोय. हा मला हरवून बसल्याचं लपवत होता. आणि मी तोपर्यंत काय करत होते, तर त्याच्या कॉफीत नासकं दूध घालत होते.

मी त्याच्या हातातली कॉफी घेतली. एक घोट प्यायले.

"रोज बघतोस?" मी विचारलं.

"रोज."

"खरंच?"

"तू झोपेत तोंड उघडं टाकतेस. मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं झाली लग्नाला, आणि मला माहीतच नव्हतं."

"गाढवा," मी म्हणाले, "मग उघडत जा की डोळे. सबंध संसारात तू माझ्याकडे बघायला लागावंस म्हणून तुझं नाकच जावं लागणार होतं, तर जाऊ दे ते."

तो हसला नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. त्या खाडीत, दोन्ही बाजूंना डोंगर असताना, पाठ त्यांच्याकडे करून नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. केस विस्कटलेले असतील, नाक थंडीने लाल झालं असेल, या वयात मला लाज वाटली आणि मी टोपी सारखी केली. आतून रूना त्याला बोलवायला आली, पुढचं व्याख्यान सुरू होतंय म्हणाली.

"तुम्ही सुरू करा," तोरलाईफ म्हणाला. "मी इथेच आहे."